चनबसप्पाचा वैशाख

भवानी पेठेतल्या चनबसप्पा आचाऱ्याला मधुमेह आहे हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. तो मात्र हा आजार पाहुण्यासारखा वागवायचा, येईल तसा जाईल म्हणून. लग्नाची बुंदी त्याच्याच हातची हवी, असं लोक बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत म्हणायचे. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली तेव्हा बायकोनं, महानंदाकाकूंनी, त्याला देवापुढं शपथ घ्यायला लावली. पाक चाखला तर झारा कायमचा बंद. झाऱ्याशिवाय आपण कोण, हे चनबसप्पाला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यानं मुकाट्यानं शपथ घेतली.

तपासणीला त्या दोघांना दवाखान्यात माझ्या रिक्षातून मीच नेतो. तिथं वैष्णवी नावाच्या डॉक्टरबाईंचा मोठा अभ्यास चालला होता. शेकडो पेशंटांची साखर वर्षानुवर्षं मोजायची, प्रत्येकाची रेघ काढायची, सारख्या वळणाच्या रेघा एका गटात घालायच्या आणि कुठल्या गटाच्या पायांचं, डोळ्यांचं, किडनीचं पुढं काय होतं ते बघायचं.

"तुमची रेघ कुठल्याच गटात नीट बसत नाही," बाई म्हणाल्या आणि कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. "दरवर्षी चढते आणि पावसाळ्यात उतरते. का, ते कळेना."

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण आपली कारागिरी पडद्यावर दिसल्यावर हा कसला गप्प बसतोय? उठला आणि बोट लावून सांगायलाच लागला.

"ही तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं. हा वैशाख. पावसाळ्यात मुहूर्त न्हाईत, म्हणून खाली. आन हे उंच दिसतंय की, ते बार्शीच्या आडत्याच्या पोरीचं. लई मोठं झालं."

मग त्याची नजर काकूंवर गेली आणि तोंड उतरलं.

"शपथ घेतलीती न्हवं तुमी?"

"पाक झालाय का ते बघाय नको व्हय?"

"पाकाची तार बोटांनी बघत्यात. जिभंचं काय काम हाय तितं?"

तार बघायची, मग बोट चाटायचं, वर मूठभर बुंदी, एवढाच इतक्या वर्षांचा कारभार. मी मनसोक्त हसलो. मग बाईंनी शेवटी वरच राहिलेल्या रेघांचा गट दाखवला. त्यातल्या काहींचा पाय कापावा लागला होता. माझं हसू थांबलं आणि मला त्याच्या पायाची खरंच भीती वाटली.

झारा काही काकूंच्यानं काढून घेववला नाही. त्या ओलं फडकं घेऊन प्रत्येक लग्नात कढईशेजारी बसू लागल्या. त्यानं तार बघितली की बोट धरायचं, पुसायचं, सोडायचं. वऱ्हाडी मंडळी नवरदेव सोडून हेच बघायची.

पुढच्या पावसाळ्यात बघितलं तर वर्षभराची रेघ खाली आली होती आणि सपाट पडली होती. बाई खूश झाल्या. चनबसप्पा मात्र पडद्याकडं बघत हिरमुसला.

"एवढा मोठा वैशाख केला बाई, आन ह्यात कुटंच दिसंना."

"अंगठा दिसतोय की," काकू म्हणाल्या.

त्यानं चप्पल काढून बघितलं. होता.