ठेसनापाशी जेवलो, तो दिवस

मासा कच्चा होता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगाले मले अजून बी जमत नाई.

त्या वर्सी आगगाडी नवी नवी अकोल्याले आली होती अन् कापसाले असा भाव होता का आमच्या पातूराकडचा साधा कुणबी बी शेठासारखा चालाले लागला होता. माहा चुलतभाऊ तं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या चढवून आला. मी त्याले म्हटलं, "अबे, बैलाले तरी इचारलं होतं का?" तो नुसता हासला. माह्यापेक्षा सात वर्सानं लहान. तोंडानं मले दादा म्हणे, पण ऐके कोनाचंच नाई.

दोघाइचा कापूस सकाळीच इकला गेला. गाड्या रिकाम्या झाल्या. मी शिदोरी सोडाले बसलो तं या शहाण्यानं ते गाठोडं उचललं अन् भाकरी बैलाइच्या पुढं टाकल्या. म्हणे, "आज गाठोड्यातलं नाई खायचं दादा. आज पानावर जेवू, मुंबईच्या लोकाइवानी." माह्या डोक्यात तिडीक गेली. पण भाकर बैलाच्या पोटात गेल्यावर भांडून काय मिळते?

ठेसनापाशी तेव्हा सारी बाहेरचीच माणसं. मुंबईचे दलाल, गुजराथी, पारशी, टोपीवाले साहेब, कापसाच्या गठाणी बांधणारे. कोनी कोनाले ओळखे नाई अन् सारे घाईत. त्याइच्यासाठी बांबूच्या तट्ट्याच्या खानावळी उभ्या झाल्या होत्या. आमी गेलो ते कोकणातल्या एका माणसाची होती. मी दारातच त्याची जात इचारली, गाव इचारलं, मंगच जोडे काढले. त्याले काही राग आला नाई. म्हणाला, "बसा पाव्हणे, सगळे विचारतात."

केळीचं पान आलं. त्याच्यावर भाताची लहानशी मूद, हातानं दाबून बसवलेली. अन् मुदीवर माशाचा एक पातळ काप. बाजूले लाल आंबट पाणी. बस! मले वाटलं हे देवाले दाखवाचं असन, जेवण मागून येईन. वाट पाहून राहिलो. काहीच येईना.

चुलतभावानं त्या कापाले बोट लावलं. हळूच म्हणाला, "दादा, हा शिजला नाई."

मी खानावळवाल्याले हाक मारली. तो म्हणाला, "शिजवायचा नसतोच तो. मिठात आणि आंबटात घालून ठेवलेला आहे, तीन महिने. मुंबईहून पिंपातून येतो. लोक मागून मागून खातात."

"तीन महिन्याचं मढं," मी म्हटलं, "अन् ते बी कच्चं!"

बाजूच्या पानावरचा दलाल खो खो हासला. त्यानं माह्याकडं पाहत पाहत आपला काप तोंडात टाकला अन् डोये मिटले. आरं बाप्पा! माह्या अंगावर काटा आला. आमच्या घरात नदीचा ताजा मासा बी कधी चुलीवर चढला नाई, अन् इथं माणसं बिनाआगीचं खाऊन राहिले होते, गोड मानून. चुलतभावाले मंग जोर चढला. त्यानं बी एक काप गिळला. डोयात पाणी आलं त्याच्या.

"कसं लागते?"

"समुद्रासारखं."

"तू कधी पाह्यला बे समुद्र?"

"नाई," तो म्हणाला, अन् गटागटा पाणी प्याला.

मी पान पुढं सरकवलं अन् म्हटलं, भाकर आण. तो म्हणे, "भाकरी नाही हो इथे." माहा आवाज मुळातच मोठा. आमच्या गावात मी वावरात बोललो तं घरी ऐकू येते असं लोक म्हणत. मी असा ओरडलो का बाहेरचे बैल बिचकले असतीन. "वऱ्हाडात बसून जेवू घालतं अन् भाकर नाई म्हणतं?"

तो बिचारा घाबरला. म्हणाला, "थांबा. मागे एक बाई आहे, तुमच्याच मुलखातली. पिंपातले मासे धुते, कापते. ती स्वतःपुरती भाकरी थापते. विचारतो."

आता इथं माही जीभ सुटली. अजून पस्तावतो. "आमच्या मुलखातली?" मी म्हटलं. "अन् परक्याचे मासे धुते? कोन्या घरची अवलाद हाये ते? तिले बाप नाई का? असन तं तो गावात तोंड कसं दाखवत असन? माही पोरगी असती तं मी तिले मेली म्हणून आंघोळ केली असती!" चुलतभाऊ मान हालवून राहिला. तो दलाल बी जेवाचा थांबला. मले वाटलं, आपण लय मोठं बोललो.

तट्ट्याच्या पलीकडं मासे कापाचा आवाज थांबला. मंग भाकर आली. दीड भाकर, ठेचा, अन् बुक्कीनं फोडलेला कांदा. आमी दोघाइनं वाटून खाल्ली. खानावळवाला पाणी वाढता वाढता बोलला, "सगळी दिली हो तिने तुम्हाला. स्वतः सकाळपासून उपाशी आहे."

रागीट असलो तरी मी काही राक्षस नाई. मी हात धुतला अन् मागं गेलो. मनात होतं, दोन शब्द चांगले बोलू, अन् जमलं तं सांगू का बाई, हे काम सोड.

मागं लाकडाची तीन पिंपं होती. मिठाचा अन् माशाचा असा वास का नाक जळे. एक बाई माह्याकडं पाठ करून इळीवर बसली होती, डोक्यावरून पदर. मी दूरच उभा राह्यलो.

"बाई, भाकर गोड लागली तुही," मी म्हटलं. "कोन्या गावची तू?"

तिचा हात चालू होता.

"इचारून राहिलो ना. कोनाची पोरगी?"

हात थांबला. तिनं मागं पाह्यलं नाई. तशीच बोलली, "तुमचीच, बाबा."

मी काय सांगू? मी पिंपाले धरलं. ते फिरली, अन् माही पोरगी होती. पूर्णेकाठी दिली होती मी तिले, वीस गाड्याइचं वऱ्हाड नेऊन. गालाची हाडं वर आली होती. मिठानं बोटं अशी फाटली होती का त्याच्यात लाल दिसे. तिनं ते हात लगेच पदरात घेतले. मले वाटलं ते रडन. ते नाई रडली. मी रडाले लागलो, मोठ्यानं, माह्या त्या मोठ्या आवाजात.

"काहून?" मी म्हटलं. "काहून पोरी?"

तिनं सांगतलं, जसं दुसऱ्या कोनाचं सांगावं तसं. नवरा गठाणीसंग मुंबईले गेला अन् तिकडचाच झाला. तिकडं दुसरी बी केली म्हणतात. सासऱ्यानं आठ महिन्याआधी दार लावून घेतलं. तिच्या सासरच्या गावची एक म्हातारी ठेसनाच्या कामाले येत होती, तिच्यासंग ते इथं आली.

"अन् मले सांगतलं नाई?"

"दोन खेपा निरोप धाडला होता बाबा. का येऊन जा."

आला होता. दोनदा आला होता. आमच्याकडं रीत हाये, पोरीले लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरी जेवत नाई, पाणी बी पीत नाई. तिले तीन वर्सात लेकरू झालं नव्हतं. मी निरोप्याले सांगतलं होतं, का बापा, पोरीच्या घरी मले जेवता येत नाई, मंग जाऊन काय करू? अन् कापूस वेचाले आला हाये.

तेच मी तिले म्हटलं. तोंडातून निघून गेलं. "पोरी, तुह्या घरी मले जेवता येत नव्हतं ना."

तिनं माह्याकडं पाह्यलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तं मले सोसला असता.

"मी जेवाले कुठं बोलावलं होतं बाबा?" ते म्हणाली. "पाहाले बोलावलं होतं."

मी रीत पाळली, रीत पाळली असं तीन वर्स चारचौघात सांगत होतो. खरं सांगू? त्या तीन वर्सात कापसाचा भाव रोज चढून राहिला होता अन् माहं ध्यान तिकडं होतं. रीत हाताशी होती म्हणून पुढं केली. नसती तं दुसरं काही पुढं केलं असतं.

चुलतभाऊ मागून आला होता. त्यानं पोरीले ओळखलं अन् त्याचं तोंड उघडंच राह्यलं. मी डोये पुसले. म्हटलं, "ऊठ. गाडी रिकामी हाये. चाल घरी."

ते उठाले लागली. खरंच, अर्धी उठली होती. मंग थांबली.

"गावात काय सांगसान?" तिनं इचारलं.

साधा सवाल होता. मले लोक पंचाइतीले बोलावत, का याच्याजवळ हरेक गोष्टीचं उत्तर असते. "माही पोरगी हाये, आणली," एवढंच म्हणाचं होतं. मी तोंड उघडलं. अन् मले गावचा पार दिसला, पारावर बसलेले चार जण दिसले, धाकट्या पोरीच्या लग्नाचं ज्याच्याकडं बोलणं लावलं होतं तो व्याही दिसला. मी चुलतभावाकडं पाह्यलं. त्यानं खाली पाह्यलं. उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. किती वेळ झाला असन? एका घोटाचा वेळ. पण तिले तेवढा पुरला.

"भाकर पोटभर झाली ना?" ते म्हणाली. अन् खाली बसली. पिंपात हात घातला, मासा काढला, अन् इळीवर धरला.

चुलतभावानं माह्या दंडाले धरलं. "चाल दादा, बैल उन्हात उभे हायेत."

अन् मी गेलो. बाप्पा, मी गेलो!