दहा चाळीसचं विमान

आमच्या इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांना सगळे मुकादमबाई म्हणतात. मोठे डॉक्टरसुद्धा. तीस वर्षांपूर्वी त्या इथं ओल्या चादरी पिळायला लागल्या, आणि आता सव्वीस माणसं त्यांच्या हाताखाली आहेत. मी त्यातलीच एक. फाटलेल्या चादरी आणि उसवलेले अंगरखे मशीनवर शिवायचे, हे माझं काम. माझं मशीन त्यांच्या टेबलाला खेटून आहे, त्यामुळे बाईंचा स्वभाव मला त्यांच्या लेकीइतकाच ठाऊक आहे असं मी म्हणते. लेक हसते, पण नाही म्हणत नाही.

बाईंचा एकच कडक नियम. वहीत 'धुतलं' अशी खूण ज्यानं करायची, त्यानं तो गठ्ठा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असला पाहिजे. एकदा एकानं न बघता खूण केली आणि डाग असलेली चादर थेट ऑपरेशनच्या खोलीत गेली. बाई त्याला ओरडल्या नाहीत. त्याला घेऊन त्या खोलीपर्यंत गेल्या आणि तिथल्या परिचारिकेची दोघांनी मिळून माफी मागितली. त्या माणसाचे कान आठवडाभर लाल होते.

बाईंना एकच भाऊ, नऊ वर्षांनी धाकटा. तो दूरच्या शहरात बंदरावर क्रेन चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार-चार तास यंत्राला जोडून पडून राहायचं. त्याच्या बायकोची किडनी जुळेना. बाईंची जुळली. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी बाईंनी अख्ख्या धुलाईघराला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला. कुणीतरी भीत भीत विचारलं, "बाई, पण पोट फाडणार तुमचं!" तर म्हणाल्या, "दोन आहेत ना माझ्याकडे? एकीला बदली मिळाली असं समजायचं."

तपासण्यांसाठी त्या भावाच्या शहरात रेल्वेनं गेल्या होत्या आणि येताना खोकला घेऊन आल्या. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशनच्या तोंडावर साधी सर्दीही चालणार नाही, गर्दीतून येऊ नका. मग लेकीनं एका वेबसाइटवरून विमानाचं तिकीट काढलं. शुक्रवार, सकाळी दहा चाळीस. संध्याकाळी सहापर्यंत तिथल्या इस्पितळात दाखल व्हायचं, शनिवारी रक्ताची शेवटची तपासणी, सोमवारी ऑपरेशन. लेकीनं तिकिटाच्या अर्जात स्वतःचा आणि आईचा, दोघींचेही फोन नंबर भरले होते. बाईंचा हा आयुष्यातला पहिला विमानप्रवास. गुरुवारी त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "चादरी मोजून घे. आणि रडू नकोस, मशीनला गंज चढेल."

शुक्रवारी साडेसातलाच मायलेकी विमानतळावर पोचल्या. लेकीला कामावर जायचं होतं, ती दारातून परत फिरली. बाई आत गेल्या. मोठ्या काळ्या फलकावर विमानांच्या वेळा वरून खाली सरकत होत्या. दहा वीस होतं. दहा पंचावन्न होतं. दहा चाळीस नव्हतं. बाईंना वाटलं, आपल्यालाच नीट वाचता येत नाहीये. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं. मग काउंटरवरच्या मुलीसमोर तिकिटाचा कागद ठेवला.

मुलीनं कागद बघितला, समोरच्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि मान वर न करता म्हणाली, "हे विमान रद्द झालंय, मॅडम."

"कधी? आत्ता?"

"नाही. सोमवारी."

बाई मला सांगत होत्या, त्या क्षणी त्यांना कानात नुसतं घूं ऐकू येत होतं, आमचं मोठं यंत्र पाणी काढून टाकताना घुमतं ना, तसं. सोमवारी! मंगळवारी त्यांनी बॅग भरली. बुधवारी पुन्हा उपसून भरली. गुरुवारी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांना निरोप दिला. आणि ते विमान सोमवारपासूनच नव्हतं.

"पण मला कुणी सांगितलं का नाही?"

"कळवलंय मॅडम. इथं तशी नोंद आहे."

"कुणाला कळवलंय?"

मुलीनं आतून साहेबांना बोलावलं. साहेब गळ्यात ओळखपत्र घालून आले आणि त्यांनी तेच सांगितलं. ज्या वेबसाइटवरून तिकीट काढलं, तिला कंपनीनं कळवलं होतं. वेबसाइटनं पुढं प्रवाशाला कळवायचं होतं. कळवलं की नाही हे बघणं कंपनीचं काम नाही.

"माझा नंबर तुमच्याकडे आहे का?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी पडद्यावर बघितलं. "आहे."

"वाचून दाखवा."

त्यांनी वाचला. एकही आकडा चुकीचा नव्हता. नंबर समोर होता, चार दिवस हातात होते, आणि एवढ्या माणसांत एकाही माणसाला तो फिरवावासा वाटला नव्हता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मी धुलाईघरात काम करते. आमच्याकडे न बघता 'धुतलं' लिहिलं तर पेशंट मरू शकतो. तुम्ही न सांगता 'कळवलं' लिहिता? तुम्हाला रात्री झोप लागते?"

साहेबांचा चेहरा पडला, पण उत्तर तेच राहिलं. कंपनीच्या पुढच्या विमानात जागा थेट मंगळवारी होती.

मंगळवारी! सोमवारी भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार आणि किडनी मंगळवारी येणार! एव्हाना बाईंच्या मागं आणखी माणसं जमली होती. नातवंडाचं तोंड पहिल्यांदा बघायला निघालेले एक आजी-आजोबा. दुपारी तीनला नोकरीची मुलाखत असलेला एक तरुण, इस्त्रीचा शर्ट घातलेला. प्रत्येकाला तेच वाक्य ऐकायला मिळत होतं आणि प्रत्येकाचा चेहरा तसाच पांढरा पडत होता. तो तरुण मटकन स्वतःच्या बॅगेवर बसला.

काउंटरवरची मुलगी हळूच पुढं वाकली. "मावशी, परवाच्या विमानाचंही असंच झालं. रोज कुणी ना कुणी असं येऊन उभं राहतं. आम्हालाही सकाळी कामावर आल्यावरच कळतं."

"रोज?" बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, आपल्या बाबतीत कुठंतरी चूक झाली. ही चूक नव्हतीच. हीच इथली रीत होती.

त्यांनी बाजूला होऊन भावाला फोन लावला. तो घाबरेल, त्याचा रक्तदाब वाढेल, कसं सांगावं, याची मनात जुळवाजुळव केली. तिकडून "हं, ताई," असा आवाज आला.

"अरे, ऐक. घाबरू नकोस. विमान रद्द झालंय. पण मी काहीतरी करते."

तो म्हणाला, "राहू दे. तू घरी जा आता."

बस्स, एवढंच. अगं बाई, आता काय होणार, असं काही नाही. केव्हा झालं, कसं झालं, नाही. ज्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

तिकडून नुसतं खाकरल्याचा आवाज आला.

"मी विचारतेय. ठाऊक होतं?"

"मंगळवारी यंत्राला जोडून पडलो होतो. सहज फोनवर तुझं विमान किती वाजता पोचतं ते बघितलं. रद्द लिहिलं होतं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"वाटलं, बरं झालं," तो म्हणाला. "नकोच ते. तुझं पोट कापून मला जगायचं नाहीये." आणि फोन ठेवून दिला.

परक्यांनी सांगितलं नाही ते समजण्यासारखं. पण सख्ख्या भावानं, ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यानं, तीन दिवस रोज फोनवर "जेवलीस का ताई" विचारलं आणि हे पोटात ठेवलं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला, आणि रागानंच त्यांचे पाय हलले.

त्यांनी लेकीला परत बोलावलं. त्या दिवशीच्या दुसऱ्या कुठल्याच विमानात जागा उरली नव्हती. दुपारी बारा पन्नासला एक रेल्वेगाडी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचणारी. लेकीनं उभ्या उभ्या फोनवरून एक जागा मिळवली. काउंटरवरच्या मुलीनं आपल्या पिशवीतून मास्कचं नवं पाकीट काढून बाईंच्या हातात कोंबलं. भावाच्या इस्पितळात फोन केला तेव्हा तिथली परिचारिका म्हणाली, शनिवारी अकराच्या आत रक्त देता आलं तर सोमवारचं ऑपरेशन टळणार नाही.

शनिवारी सकाळी सव्वा आठला गाडी पोचली. बाई स्टेशनवरून थेट रक्त द्यायला गेल्या, आणि दंडाला कापसाचा बोळा तसाच धरून भावाच्या खोलीत शिरल्या. भावजय पलंगाजवळ बसली होती. नणंदेचा अवतार बघून ती उठून उभीच राहिली. तिला नवऱ्याच्या या उद्योगाचा पत्ताच नव्हता.

"बोल," बाई भावाला म्हणाल्या.

तो भिंतीकडे तोंड करून बोलला. "माझ्यापायी तुझी शाळा सुटली. आई कामावर जायची, मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तुला घरी बसवलं. मी शिकलो, क्रेनवर चढलो, तू चादरी पिळत राहिलीस. आता वर किडनी पण घेऊ? किती घेऊ मी तुझ्याकडून?"

बाई कपाळावर हात मारून खुर्चीत बसल्या.

"अरे मूर्खा, मला शाळा आवडत नव्हती!"

"काय?"

"गणिताच्या बाई छड्या मारायच्या. मीच आईच्या मागं लागले होते, मी बाळाला सांभाळते, मला शाळेत पाठवू नकोस म्हणून. तुझं निमित्त मिळालं, सुटले मी! चाळीस वर्षं हे डोक्यात घेऊन बसलायस?"

तो भिंतीकडून गर्रकन इकडे वळला. त्याचं तोंड उघडं ते उघडंच. भावजय आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाई म्हणाल्या, "ऑपरेशनच्या कागदावर सही कर. नाहीतर आणलेली किडनी मी परत नेणार नाही, इथंच ठेवून जाईन."

सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की किडनी टेबलावरच काम करायला लागली. बाई तीन महिन्यांनी कामावर आल्या. अजून त्यांना जड उचलू देत नाही आम्ही, आणि त्या अजून चोरून उचलतात. भाऊ आता क्रेनवर चढत नाही, खाली बसून क्रेन चालवणाऱ्यांना सूचना देतो.

लेकीनं विमानकंपनीकडे तक्रार केली होती. दोन महिन्यांनी उत्तर आलं : आमच्या नोंदीनुसार प्रवाशास वेळेत कळवण्यात आले आहे. बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं, पुन्हा एकदा वाचलं आणि घडी घालून 'धुतलं'च्या वहीत ठेवलं. लेकीनं वरच्या कचेरीत पुन्हा लिहिलंय. अजून काही आलेलं नाही. त्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाचं काय झालं असेल, हे बाई मला अधूनमधून विचारतात. जसं काही मला माहीत असणार.

भावाशी रोज फोनवर बोलणं होतं. बोलता बोलता बाई मध्येच थांबतात आणि दरडावून विचारतात, "आणखी काही आहे का, जे मला सांगितलं नाहीयेस?"

परवा तो म्हणाला, "आज मीठ जरा जास्त खाल्लं, ताई."

बाईंनी त्याला पाऊण तास झापलं.