आल्गोट काकांचा सरळ रस्ता

आल्गोट काका बर्फावर काठी तीनदा आपटायचे. दोन ठोके बर्फासाठी आणि तिसरा कानासाठी, असं ते म्हणायचे. तिसऱ्या ठोक्यानंतर डोळे मिटायचे, मान डावीकडे कलती करायची आणि मग, बऱ्याच वेळाने, तोंड उघडायचं. "पेलेल." किंवा "नाही पेलणार." याहून जास्त काही नाही. आमच्या टॉर्सो बेटावरची एकशेदहा माणसं, नऊ घोडे आणि सगळं टपाल त्या एका शब्दावर समुद्र ओलांडायचं.

समोर नॉर्रो बेट. चर्च, डॉक्टर, शाळा सगळं तिकडे. मध्ये सात किलोमीटर पाणी. जानेवारीत ते गोठलं की काका एकटे निघायचे, दर पन्नास पावलांवर भोक पाडून ज्युनिपरच्या झुडपाची एकेक फांदी रोवत जायचे. फांद्यांची ती रांग म्हणजे आमचा हिवाळ्याचा रस्ता. आणि काकांची फांदी जिथे उभी असेल तिथे दुसऱ्या कोणी काठी आपटून बघायची नाही, अशी आमच्याकडची रीत. घोडेवाल्या रूरिकने एकदा आपटली, तर महिनाभर कुणी त्याच्या घरची कॉफी घेतली नाही.

युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. वडिलांचे गुडघे गेले आणि टपालाचं काम माझ्याकडे आलं. मी एकवीस वर्षांची. काकांनी मला शिकवायला घेतलं, कारण टपाल पोचायलाच हवं आणि आपण काही अमर नाही, असं ते म्हणाले. तेव्हा ते अडुसष्टचे होते. काटक, अंगाने अगदी बारीक, लग्न केलेलं नाही, घरात एक मांजर. सल्ला मागायला सगळं बेट त्यांच्या स्वयंपाकघरात. बटाटे कधी लावायचे, गाय विकायची का, पोरीला कुणाच्या घरी द्यायची. माझ्या आत्याने तुर्कू शहरातल्या कारखान्यात नोकरीला जाऊ नये, हाही सल्ला त्यांचाच. आत्या मरेपर्यंत तो सल्ला चघळत बसली. पण बर्फाच्या बाबतीत चाळीस वर्षांत एक माणूस बुडाला नव्हता, त्यामुळे बाकी सगळं माफ होतं.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला खालच्याबद्दल सांगितलं.

"खाली एकजण असतो," बर्फावरून चालता चालता ते म्हणाले. जेवणात काय आहे ते सांगावं, तसं. "आपण चाललो की तोही चालतो. आपल्या पावलाखाली त्याचं पाऊल. बर्फ जाड असला की आवाज वर येत नाही. जिथे ऐकू येईल तिथून मुकाट्याने वळायचं."

"कोण आहे तो?"

"विचारून येऊ का खाली जाऊन?"

मी हसले. लहान पोरांना बर्फावरून पळवून लावायला म्हाताऱ्यांनी रचलेली गोष्ट असणार, असं मला वाटलं. दोन हिवाळे मी काठी आपटायला शिकले, मान कलती करायला शिकले, पण पाऊल काही ऐकलं नाही. ऐकू येणार कुठून? काका मला वाईट बर्फावर नेतच नव्हते. वाटेत काळी खाडी लागते. दोन खडकांमध्ये पाणी अरुंद होतं आणि वर कितीही थंडी पडो, खाली ओढ असतेच. तिथे काकांचा रस्ता दरवर्षी उजवीकडे वळायचा, सीलांच्या खडकांना वळसा घालून पलीकडे निघायचा. चांगला तासाभराचा फेरा.

तिसऱ्या वर्षी त्यांनी रस्ता सरळ काढला. थेट काळ्या खाडीवरून.

दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा खालचा गप्प आहे. महिना झाला, एकदाही ऐकलं नाही त्याला. गेला वाटतं."

"बायको मिळाली असेल कुठेतरी," रूरिक म्हणाला, आणि दुकान हसलं. तासभर वाचणार म्हणून सगळे खूश. मीसुद्धा.

टपालाची पिशवी घेऊन काकांच्या मागोमाग मी पहिल्यांदा त्या खाडीवर गेले, तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. धुकं इतकं पांढरं, की बर्फ कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते दिसेना. वारा नाही. काका दहा पावलं पुढे. मी तिसऱ्या फांदीपाशी पोचले आणि माझ्या बुटाखाली कुणीतरी पाऊल टाकलं.

आधी वाटलं, माझाच आवाज परत येतोय. मी पुढचं पाऊल टाकलं. खालून ठक. आणखी एक. ठक. मी थांबले. तो माझ्यानंतर एक पाऊल चालून मग थांबला. ते जादाचं एक पाऊल आजही माझ्या अंगावर येतं. आवाज परत येणारा असता, तर ते जादाचं पाऊल कुणी टाकलं?

पुढे काकांनी काठी आपटली. एक, दोन, तीन. माझ्याकडे वळून म्हणाले, "पेलेल." आणि मग मान कलती केली.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळायला घर यावं लागलं. जेवताना मी हेरिंग माशाचा काटा काढत होते आणि एकदम हात थांबला. आधी बोलले. मग कान लावला. दोन वर्षं मी रोज बघत होते ती चाल उलटी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे कॉफीला गेले. खरं तर बघायला गेले. मांजर टेबलाखाली बसून दूध मागत होतं, घर डोक्यावर घेऊन. काका साखरेचा खडा दातात धरून शांतपणे कॉफी ओढत होते.

"मांजर म्हातारं झालं माझं," ते म्हणाले. "हल्ली आवाजच करत नाही."

मी मांजराकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघून पुन्हा जबडा पूर्ण उघडून आरोळी ठोकली. काका प्रेमाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते. त्या उबदार स्वयंपाकघरात मला हुडहुडी भरली.

मग एकेक आठवायला लागलं. पाद्रीबाबा हल्ली पुटपुटतात म्हणून काकांनी चर्चला जाणं सोडलं होतं. माझ्याशी बोलताना ते मला समोर उभं करायचे आणि नजर माझ्या ओठांवर ठेवायचे. खालचा कुठे गेलेला नव्हता. काकांचे कान गेले होते. आणि ऐकू येत नाही म्हणजे धोका नाही, असं धरून ते सरळ चालत होते.

हे मी तेव्हाच कुणाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारणं भरपूर होती. चाळीस वर्षं बर्फ ऐकलेला माणूस कुठे आणि दोन हिवाळ्यांची मी कुठे. माझ्या कानांची खात्री कोण देणार? शिवाय त्यांच्या फांदीवर शंका घ्यायची म्हणजे काठी आपटण्याहूनही वाईट. मी मूग गिळून बसले. फक्त टपाल नेताना, धुक्यात कुणी बघत नाही असं पाहून, जुन्या वळणाने सीलांच्या खडकांवरून जायला लागले. तासभर उशीर व्हायचा. नॉर्रोचा पोस्टमास्तर म्हणायचा, "डाग्नी, वाटेत कुणी भेटतं वाटतं तुला?" मी म्हणायचे, हो.

फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस हवा मऊ पडली. आणि त्याच आठवड्यात बेटावरची पंधरा वर्षांची आठ मुलं पाद्रीबाबांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला नॉर्रोला निघाली. दोन आठवडे तिकडेच राहणार, म्हणून कपडे, पांघरुणं, राय धान्याच्या भाकऱ्यांची पोती, सगळं रूरिकच्या बर्फगाडीत. गाडीला त्याची थोराड घोडी. मुलांमध्ये माझी धाकटी बहीण सिग्ने.

किनाऱ्यावर आया निरोप द्यायला जमल्या होत्या. काका काठी घेऊन पुढे निघाले होते, गाडीला वाट दाखवायला. सिग्ने गाडीतून मला हात करत होती. मी जाऊन घोडीचा लगाम धरला.

"सोड गं," रूरिक म्हणाला. "उशीर करायला तुझं टपाल पुरे आहे."

"काळ्या खाडीवरून जायचं नाही. तिथे बर्फ पोकळ आहे. मी खालच्याला ऐकलंय."

"तू ऐकलंस? आणि आल्गोट काकांनी नाही ऐकलं?"

"त्यांना ऐकू येत नाही."

एक बाई म्हणाली, "शिकवलं त्याच्यावरच उलटली." दुसरीने माझ्या आईकडे बघून मान हलवली. रूरिकने माझा हात लगामावरून काढला, रागाने नाही, लहान मुलाचा काढावा तसा.

मग मी ते केलं. काका वीस पावलांवर होते, आमच्याकडे पाठ. मी ओरडले, "काका, थांबा." ते चालत राहिले. मी आणखी मोठ्याने ओरडले. वारा नव्हता, पक्षी नव्हता, माझा आवाज समोरच्या खडकावर जाऊन आपटला. ते चालत राहिले. मग मी पोटातून जोर लावून ओरडले, "काका, तुमच्या घराला आग लागलीय."

आठ मुलं, सगळ्या आया, रूरिक, सगळे वळून काकांच्या घराकडे बघायला लागले. फक्त काका वळले नाहीत. शांतपणे काठी टेकत चालले होते. एक, दोन, तीन.

गाडी मागून येत नाही हे जाणवून काका शेवटी आपणहून थांबले आणि वळले. सगळी तोंडं त्यांच्याकडे लागलेली. "काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. ते त्यांना कळताना मी पाहिलं. त्या क्षणी बर्फाने मला गिळलं असतं तर बरं झालं असतं.

ते परत आले नाहीत. वळले आणि फांद्यांच्या रांगेने चालत राहिले. मी मागोमाग धावले, पण खाडीच्या तोंडाशी थांबले. धुकं विरळ होतं, ते मला दिसत होते. त्यांच्या पावलांचा आवाज येत होता आणि त्याच्या किंचित मागे दुसऱ्या पावलांचा. चालत होता एक माणूस. मी पावलं मोजली. त्यांची दहा, खालची अकरा.

मधोमध जाऊन ते गुडघ्यावर बसले. हातमोजा काढून उघडा तळहात बर्फावर टेकवला. मग गालही टेकवला. किती वेळ गेला सांगता येत नाही. आवाज थांबला होता. वर कुणी हलत नव्हतं आणि खालीही नाही.

मग ते हळूच उठले, आणि परत येता येता एकेक फांदी उपटत आले. दोन्ही हातांत फांद्यांचा भारा घेऊन माझ्यापर्यंत आले आणि बर्फावर टाकला. किनाऱ्यावर जाऊन रूरिकला म्हणाले, "सीलांच्या खडकांवरून न्या. पुढे डाग्नी चालेल."

गाडी जुन्या वळणाने सुखरूप पोचली. मी मुलांना सोडून दुपारी परत आले, तर काका किनाऱ्यावरच होते, एका पालथ्या होडीवर बसलेले. मी समोर उभी राहिले, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. चार लोकांत असं केलं त्याबद्दल माफी मागायची होती. त्यांनी हातानेच थांबवलं.

"आहे तो," ते म्हणाले. "तळहाताला लागला. मी बसलो तिथे बरोबर खाली उभा होता. चालत नव्हता. वाट बघत होता." मग म्हणाले, "तू कधीपासून ऐकतेस?"

मी तीन बोटं वर केली.

"तीन दिवस?"

"आठवडे."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, चुकीचं वाचलं की काय म्हणून. मी पुन्हा सांगितलं.

"आणि टपाल?"

खोटं बोलता आलं असतं. "मी वळणाने नेत होते."

"तीन आठवडे मी रोज त्या खाडीवरून गेलो-आलो, पोरी." आवाज चढला नव्हता. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो फार हळू होता. "आणि तू माझा मान राखत बसलीस."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग काठी माझ्या हातात दिली आणि घरी मांजराला दूध द्यायला निघून गेले.