सुनंदाबाईंच्या दाढेची टोपी

खालचा जबडा काही केल्या बसत नव्हता. कवटी बऱ्यापैकी बसली होती, मणकेही बसले होते. जबडा मात्र चार मिलिमीटर बाहेर. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी स्क्रीनवरच्या दोन स्कॅनची मॅच, म्हणजे जुळणी, तिसऱ्यांदा रद्द केली होती.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. आमचं हॉस्पिटल खालापूर तालुक्यात आहे. रेडिएशन कुठे आणि किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. ते तिथेच पडेल हे बघणं माझं काम. डोक्या-मानेच्या पेशंटचा चेहरा आम्ही प्लास्टिकच्या जाळीदार मास्कने टेबलाला पक्का करतो आणि तसाच सीटी स्कॅन काढतो. सीटीवर हाडं छान दिसतात, मांस तेवढं नाही. म्हणून एमआरआय काढून तो सीटीवर बसवायचा. याला फ्यूजन म्हणतात. दोन पारदर्शक कागदांवरची चित्रं एकावर एक ठेवावीत तसं. दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. त्यापुढे नाही, कारण जवळच मज्जारज्जू असतो.

सुनंदाबाई पोशीरच्या, वय बावन्न. जिभेच्या डाव्या कडेला कॅन्सर. डावीकडच्या एका दाढेला धातूची टोपी. सीटीत धातू आला की त्याच्याभोवती पांढऱ्या रेघा फुटतात आणि नेमकं बघायचं तेच झाकलं जातं. त्यामुळे या केसमध्ये सगळी भिस्त एमआरआयवर होती. तो तीन दिवसांपूर्वी पनवेलच्या एका सेंटरमध्ये झाला होता. सीडी आली होती, रिपोर्ट यायचा होता.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले.

"झालं का मॅडम? सोमवारी सुरू करायचंय."

"जबडा बसत नाहीये, सर."

"तोंड थोडं उघडं असेल. पनवेलला आपला मास्क कुठे होता? सॉफ्टवेअरचा स्कोअर काय म्हणतो?"

"हिरवा आहे. जुळलंय म्हणतो."

"मग? मान बघा, स्वच्छ आहे. एकही गाठ नाही. डाव्या मानेला कमी डोस देऊन भागेल. गिळायचा त्रास तरी वाचेल बाईंचा."

"आणि जिभेवरचं? तेही दिसत नाहीये."

"छोटंच होतं. बायोप्सीत बरंचसं निघालं असेल. तुम्ही अॅप्रूव्ह करून ठेवा."

माझं बोट माऊसवर होतं, हे लपवत नाही. जबडा वगळून मॅच केली असती तर बाकी सगळं बसलं असतं. तोंड उघडं असलं की आम्ही तसं करतोही. पण एकदा टोपीच्या आधाराने जबडा जुळवून बघावा म्हणून मी ती एमआरआयवर शोधायला लागले. एमआरआयमध्ये धातूच्या जागी काळा डाग पडतो, शाई सांडल्यासारखा. चुकवू म्हटलं तरी चुकत नाही.

डाग नव्हता.

"टोपी काढली असेल," डॉक्टर म्हणाले.

"विचारून येते."

सुनंदाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांची धाकटी बहीण बेबीताई, फाईल मांडीवर घेऊन.

"जरा तोंड उघडा."

टोपी जागेवर होती. चकाकत होती.

"एमआरआयला त्रास झाला का हो? आवाज फार असतो त्याचा."

सुनंदाबाईंनी बहिणीकडे बघितलं. उत्तर बहिणीने दिलं. "भाताच्या गिरणीवानी, मॅडम. कान बधिर झालं."

"मी यांना विचारतेय."

"ती काय सांगंल? ती भाइर बसली व्हती."

"मग आत कोण गेलं?"

"मीच. ती बोगद्यावानी मशीन बगून थरथराय लागली. आज नाय तर पंधरा दिसांनी या, तिथले म्हनले. म्हंजे हिचा शेक बी पुढं गेला." इकडे रेडिएशनला शेक म्हणतात. "मग नाव पुकारलं, मी हो म्हनले. सुई बी मीच टोचून घेतली."

"अहो, पण फोटो यांचा हवा होता."

"आमी एकाच आयच्या हाव, मॅडम. रेशनला घरातला कोनीबी अंगठा देतो, धान्य सगल्यांचं मिलतं."

"मी नको म्हनत व्हते गं," सुनंदाबाई पुटपुटल्या.

"आता बोल. तवा माजा पदर सोडत नव्हतीस."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. वीस वर्षं मी मिलिमीटर मोजते आहे. मशीन तपासते, टेबल तपासते, मास्क तपासते. स्क्रीनवरचं डोकं कुणाचं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सॉफ्टवेअरला तर तो पडणारच नाही. त्याला दोन डोकी द्या, ते बसवून दाखवतं. दोन सख्ख्या बहिणींची बसवली होती, आणि वर हिरवा स्कोअर दिला होता.

आत येऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग फक्त म्हणाले, "डावी मान."

दुपारी रिपोर्ट आला. जीभ नॉर्मल, मान नॉर्मल. रिपोर्ट अगदी बरोबर होता. बेबीताईंचा होता.

डॉक्टरांनी फोन करून शनिवारची वेळ मिळवली आणि दुसरा एमआरआय झाला. मी स्वतः बरोबर गेले. बेबीताईंनी मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवली आणि मशीनपाशी बहिणीचं पाऊल धरून बसल्या. सुनंदाबाईंना मध्ये दोनदा बाहेर काढावं लागलं. तिसऱ्यांदा झालं.

फ्यूजनला दहा मिनिटं लागली. जबडा पहिल्याच मॅचला बसला. काळा डाग बरोबर टोपीवर पडला. आणि डाव्या मानेत, वरच्या बाजूला, वालाच्या दाण्याएवढी गाठ होती.

डॉक्टरांनी डाव्या मानेला पूर्ण डोस लिहिला. सोमवारऐवजी गुरुवारी सुरू झालं. गिळायचा त्रास काही वाचला नाही. शेवटचे पंधरा दिवस बाई पेजेवर होत्या. आता तपासणीला येतात. परवाच्या स्कॅनमध्ये मान स्वच्छ होती. ती त्यांचीच होती, मी टोपी बघून घेतली.

आमच्या चेकलिस्टमध्ये अठ्ठावीस मुद्दे होते. आता एकोणतीस आहेत. नवा मुद्दा सगळ्यात वर आहे आणि त्याला कुठलंही मशीन लागत नाही. फ्यूजनच्या आधी पेशंटला विचारायचं: आवाज कसा होता? उत्तर शेजारच्याने दिलं, तर काम थांबवायचं.