इब्राहिम गवंड्याची तीस हात पौळ

खर्ड्यात एकदा का माणसाला नाव पडलं, की ते त्याच्याबरोबरच जमिनीत जातं. इब्राहिम गवंड्याचा चुलता अलीम तरणाताठा असताना त्यानं चावडीची भिंत रचली, आणि ती आठ महिन्यांत बसली. भिंत पुन्हा उभी राहिली. अलीम मात्र जन्मभर 'ढासळ्या' राहिला. पुढं चाळीस वर्षं त्यानं अशा भिंती घातल्या की हत्ती टेकला तरी हलू नयेत, तरी लग्नाच्या पंगतीत वाढपी ओरडायचा, "अरे, ढासळ्याला भात दिला का?" भांडण रंगात आलं की त्याची बायकोसुद्धा तोच शब्द काढायची म्हणे. शेजाऱ्यांनी दाराला कान लावल्याशिवाय हे बाहेर आलं नसणार, पण ते असो.

इब्राहिमनं साठी गाठली तोवर त्याची एकही भिंत पडली नव्हती. गुडघे गेले होते, कंबर गेली होती, नाव तेवढं शाबूत होतं. या हिवाळ्यात हातोडा खुंटीला लावायचा, असं त्यानं रजियाला, म्हणजे बायकोला, कबूलही केलं होतं. तेवढ्यात मच्छिंद्र पाटील दारात उभे.

"इब्राहिम, पुण्याच्या कॉलेजची पोरं येणार हायती. नाताळची सुटी हाय त्यांना. सकाळी गावासाठी राबणार, दुपारी गाव बघणार. त्यांच्या हातनं विहिरीची पौळ घालून घेऊ."

विहीर ओढ्याला लागून. ओढा फुगला की गढूळ पाणी थेट पिण्याच्या विहिरीत. पाणी अडवायला तिथं तीस हात लांब दगडी पौळ, म्हणजे आडभिंत, हवी होती, हे खरंच होतं. चुना मिळत नव्हता, तेव्हा नुसत्या दगडावर दगड.

"पोरं रचतील, तू फकस्त शेजारी बस," पाटील म्हणाले. "आन् उगा टोकू नको. पाव्हणी हायती. शेवटच्या दिवशी मामलेदार येनार हाय."

सेहेचाळीस सालच्या डिसेंबरात अठरा पोरं आणि चार पोरी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून जामखेडपर्यंत आणि तिथून बैलगाड्यांतून खर्ड्यात उतरली. सगळ्यांच्या तोंडाला काजळी, अंगात खादी, आणि पुढं प्रोफेसर खांबेटे, छातीशी वही धरून. वहीत पौळीचं चित्र काढलेलं होतं. मोठं सुबक चित्र होतं.

पहिल्याच दिवशी इब्राहिमला खोट दिसली. पोरं प्रत्येक दगडाची चांगली बाजू बघून ती बाहेर काढत होती. ओढ्याकडून एक देखणी रांग, विहिरीकडून दुसरी देखणी रांग, आणि मधल्या पोकळीत टोपल्यांनी माती. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड एकही नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "दर दोन हातांवर एक लांब दगड आडवा घालावा लागतो. न्हाईतर पोट सुटतं भिंतीचं."

खांबेट्यांनी चष्मा पुसला, वही उघडली, चित्रावर बोट ठेवलं. "मिस्त्री, हे पाहा. हे शास्त्रशुद्ध आहे."

इब्राहिमनं चित्र पाहिलं. चित्रातली भिंत काही पडणार नव्हती. मागून पाटलांनी डोळे वटारले, तसा तो जागेवर जाऊन बसला.

दुपारी जेवणं झाली आणि मंडळी गाव बघायला निघाली. कुणी किल्ल्यावर, कुणी दर्ग्यात. उरलेली ओव्या उतरून घ्यायला लंकाबाईच्या जात्यापाशी. लंकाबाईचं दळण पहाटेच उरकलेलं. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? बिचारी मूठमूठ ज्वारी टाकून सलग चार दुपारी गात बसली. शेवटी शेवटी जुन्या ओव्या संपल्या, तेव्हा तिनं सासूला चार शिव्या चालीवर म्हटल्या. त्याही पोरांनी भक्तिभावानं उतरून घेतल्या.

सगळे पांगले तसा इब्राहिम उठला. सकाळी रचलेली सहा हात भिंत त्यानं उतरवली, माती उपसली, लांब दगड शोधून आडवे घातले, पोकळीत दगडाच्या चिपा ठोकून बसवल्या आणि दिवस मावळायच्या आत सहा हात पुन्हा उभी केली. तोंडं पोरांनी लावली होती तशीच देखणी ठेवली. दुसऱ्या दिवशी पोरं खूश. "काय पक्की झालीय बघ आपली भिंत!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. घरी येऊन तो पालथा पडायचा आणि रजिया तेल चोळता चोळता तोंड सोडायची. "कमर है का लोखंड का खांब? बाईस जवान बच्चे, और ढोरासरखा तूच मर!"

"बच्चे चले जाते पुना कू," इब्राहिम उशीत तोंड खुपसून म्हणायचा. "गिरी तो नाम मेरा."

चौथ्या दुपारी त्याला दगड उचलेना. वाकला की उठता येईना, उठला की वाकता येईना. तरी तो एकेक दगड खाली ठेवत होता, इतक्यात मागून आवाज आला.

"चाचा! आमची भिंत का पाडताय?"

पुष्पावती नावाची मुलगी होती. टाचेला फोड आला म्हणून किल्ल्यावर गेली नव्हती, बाभळीखाली बसून राहिली होती. इब्राहिमनं हातातला दगड खाली ठेवला.

"पाडत न्हाई बाई, उतरवतोय."

"फरक काय?"

"पाडली तर आवाज व्हतो."

तिला हसू आलं नाही. डोळे भरले होते. तो तुकडा तिनं स्वतः रचला होता; तळहात सोलले होते तिचे. इब्राहिमला बोलायचंही त्राण नव्हतं. त्यानं पहारीनं एकच दगड बाहेर ओढला. पाठोपाठ सहा आपोआप आले आणि माती भसकन पायावर ओतली.

तिनं ती माती मुठीत घेऊन पाहिली. "आणि आधीची भिंत?"

"ती उतरवून पुन्हा घातलीय."

"रोज? एकट्यानं? आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. तुमच्या साहेबांच्या वहीत तसं न्हवतं."

मग त्यानं तिला अलीमची गोष्ट सांगितली, भातासकट. ती पदर कमरेला खोचून त्याच्याबरोबर दगड उतरवू लागली; पण ते सहा हात त्या दिवशी काही पुन्हा उभे राहिले नाहीत. "कुनाला सांगू नको पोरी," तो विनवत होता, "पाटील मला फाडून खाईल." तिनं मान डोलावली. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभी राहून सगळं सांगून टाकलं. पुण्याच्या मुली!

पाचव्या सकाळी खांबेटे एकटेच ओढ्यावर आले. रात्री झोपले नसावेत. वही आणली नव्हती. पाटील त्यांच्या मागून धावत आले.

"मिस्त्री," खांबेटे म्हणाले, "बारा हात राहिलेत. तीन वाजता मामलेदार येतील. तुमच्या रीतीनं किती होईल?"

"समदी पोरं लागली तर सहा."

"आणि आमच्या?"

"बाराच्या बारा. तोरण बांधा, फोटो काढा."

"मग तेच करा की!" पाटील मधेच म्हणाले. "मागून इब्राहिम करंल नीट."

खांबेट्यांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "मिस्त्री, तुम्ही सांगाल तसं."

पाच दिवसांत त्याला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. ताजातवाना असता तर कदाचित पाटलांची मर्जी राखून गेला असता. पण तो इतका दमला होता की खोटं बोलायलाही अंगात जोर नव्हता.

"सहाच घालू," तो म्हणाला. "सहा हात उघडी राहू द्या. मी आता पुन्हा उतरवनार न्हाई."

दर्गा राहिला, लंकाबाई सुटली. बावीस पोरं लांब दगड हुडकत ओढाभर फिरली. इब्राहिम दगडावर बसून नुसता काठीनं दाखवत होता: तो न्हाई, तो; उलटा कर; चीप मार. तीन वाजता मामलेदार आले, पौळीच्या कडेनं चालत गेले आणि जिथं ती संपली तिथं थांबले.

"पाटील, इकडची पडली की काय?"

पाटलांचं तोंड उघडायच्या आत इब्राहिम कंबर धरून उठला. "न्हाई सरकार. उरलीय. पडलेली न्हाई."

मामलेदारांना चहाची घाई होती. "बरं, बरं," म्हणाले आणि वळले. पाटील पुढं महिनाभर इब्राहिमशी बोलले नाहीत, आणि गावानंही सोडलं नाही. आठवड्याच्या आत त्याचं नाव 'सहाहाती' पडलं. रजिया चिडली. इब्राहिम म्हणाला, "बोलने दे. नींद चाहिये मेरे कू."

फेब्रुवारीत पुष्पावतीचं कार्ड आलं. शाळेच्या कानिफनाथ मास्तरांनी वाचून दाखवलं: पौळ पुरी झाली का? सुटीत आम्ही चौघं येऊ का? इब्राहिम ओट्यावर पाय पसरून बसला होता.

"ल्ह्या मास्तर. उरल्यातली चार हात झाली. दोन राहिलेत."

"येऊ का, ते विचारलंय."

इब्राहिमनं डोळे मिटले. मास्तरांना वाटलं झोप लागली.

"ल्ह्या, या म्हनावं. पन घाई न्हाई. आन् आलात तर बसा जरा चार दिवस. आमी समदीच लई दमलोय."