साध्या पाण्याचा ग्लास

माझी अक्का दुसऱ्यांच्या घरात राहते, तिथल्या आजारी माणसाचं सगळं करते आणि ते माणूस गेलं की बॅग उचलून माझ्याकडे येते. अठरा वर्षांत अशी सहा घरं झाली. तिला स्वतःचं घर नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दोन घरांच्या मधले पंधरा-वीस दिवस माझ्या शिलाई मशीनशेजारी तिची गादी पडते, मग घरोघरी कामाला बायका पाठवणाऱ्या केंद्रातून फोन येतो आणि ती निघते. पुढचं घर मिळतं ते मागच्या घराच्या चार चांगल्या शब्दांवर. मी तिला नेहमी बजावायचे, "अक्का, एकदा बोल लागला की तुला कोणी दारात उभं करणार नाही."

सातवं घर हेडमास्तरांचं. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि गिळण्याची ताकदही गेली. साधं पाणी प्यायले तर ते पोटात न जाता फुप्फुसात उतरायचा धोका. म्हणून डॉक्टरांनी एक पावडर दिली होती. ती पाण्यात घोटली की पाणी मधासारखं दाट व्हायचं. मग पाठीला उशा लावून त्यांना ताठ बसवायचं, हनुवटी खाली घ्यायला सांगायचं आणि एकेक चमचा भरवायचा. एका ग्लासाला पाऊण तास लागायचा.

"बाई, ही खळ आहे. पुस्तकांना कव्हरं चिकटवायची," हेडमास्तर म्हणायचे. बोलणं बोबडं झालं होतं, खवचटपणा मात्र शाबूत होता.

"बरं झालं. खुर्चीला चिकटून राहाल, पडायची भीती नाही," अक्का म्हणायची.

ती स्वतः त्यांच्या खोलीत कधी पाणी प्यायली नाही. स्वयंपाकघरात जायची, दार लोटायची, नळ अगदी बारीक सोडायची. तहानलेल्या माणसाला नळाचा आवाजही ऐकू जाऊ नये म्हणून. आठ महिने हे चाललं. मला हे सगळं ती फोनवर सांगायची तेव्हा मी हसायचे, की आता तू चोरून पाणी प्यायला लागलीस!

हेडमास्तरांनी मुलीला मात्र फोनवर ठोकून दिलं होतं की घसा आता बरा आहे, पावडर नुसती ताकदीची आहे. खरं कळलं तर पोरगी नोकरी सोडून येऊन बसेल, ही त्यांना धास्ती. "तिला सांगू नका," असं त्यांनी अक्काकडून कबूल करून घेतलं आणि ती कबूल झाली. इथेच ती चुकली. घरात राहून काम करणाऱ्या बायकांची ही खोडच असते. ज्याला हातानं भरवायचं त्याचंच ऐकायची सवय लागते.

मुलगी दोन महिन्यांतून एकदा यायची, एरवी फोनवर उंटावरून शेळ्या हाकायची. नखं कापली का, खिडकी उघडली का. वाईट नव्हती. बापावर जीव होता तिचा, हे मलाही कबूल करावं लागतं.

त्या खेपेला ती आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ती बघून हेडमास्तर लहान मुलासारखे रडायला लागले. "पाणी. बाई देत नाहीत."

मुलगी उसळली. "पाणी कमी पाजलं की चादरी कमी बदलाव्या लागतात, एवढं मलाही कळतं, बाई."

अक्कानं हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरांनी साधं पाणी नको म्हटलंय, ताई. देऊ नका." आणि धुतलेल्या चादरी घेऊन गच्चीवर गेली.

खाली आली तर हेडमास्तरांचा सदरा पुढून भिजलेला, ग्लास रिकामा. ठसक्यानं चेहरा काळानिळा पडला होता, तरी ते हसत होते. मुलगी पाठ चोळत म्हणाली, "बघा, पूर्ण ग्लास प्यायले की नाही!"

तिसऱ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. डॉक्टर घरी आले, छाती तपासली आणि विचारलं, "साधं पाणी कोणी दिलं? ते फुप्फुसात गेलंय." मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

हेडमास्तरांनी डावा हात उचलला आणि अक्काकडे दाखवला. "बाईंनी."

मुलीनं तोंडातून ब्र काढला नाही.

"तुम्ही? तुम्हाला तर सगळं माहीत होतं," डॉक्टर अक्काला म्हणाले.

"हो. मीच दिलं. चुकलं."

ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात अक्कानं मुलीला पावडर घोटायला शिकवलं. किती चमचे, किती वेळ, गुठळी राहिली तर काय करायचं. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना दवाखान्यात नेलं तशी ही बॅग घेऊन माझ्याकडे आली.

मी तिला काय काय बोलले! "चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकली होती. हा संन्यासी तर दोरी स्वतःच विकत आणतो."

"आपलेच दात, आपलेच ओठ," ती म्हणाली. "बाप पोरीचं नाव कसं घेईल?"

"त्यानं नको घेऊ दे. तू 'हो' का म्हणालीस?"

"ते माझ्याकडे बघत होते गं."

नवव्या दिवशी हेडमास्तर वारले. केंद्रानं अक्काच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' लिहिलं आणि फोन बंद झाले. दोन महिने ती माझ्या मशीनशेजारी बसून शिवलेल्या कपड्यांचे धागे कापते आहे. तिची चूक मला समजते, पण पचत नाही. तिच्याकडे बघून मला राग येतो आणि लगेच रडू येतं.

परवा दुपारी तिचा फोन वाजला. हेडमास्तरांची मुलगी होती. मी इतकी जवळ होते की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बाई, एकच विचारायचंय. पाणी तुम्हीच दिलं होतंत ना? मला सारखं भलतंच दिसतं. ग्लास माझ्या हातात दिसतो."

मी मशीन थांबवलं आणि फोनसाठी हात पुढे केला. काय बोलायचं ते दोन महिने माझ्या जिभेवर तयार होतं. अक्कानं माझं मनगट धरलं, घट्ट, रोग्याचं धरते तसं.

"मीच दिलं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा खोलीत नव्हतात. गच्चीवर चादरी वाळत घालत होतात."

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "माझ्या बाबांना तुम्ही मारलंत. मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"हो," अक्का म्हणाली.