विहीणबाईंच्या पानातली पोळी

लेकीनं स्पेनचा मुलगा पसंत केला आणि विहीणबाई घर बघायला कोल्हापुरात येणार म्हणून साठीच्या तोंडावर मी स्पॅनिशचा क्लास लावला. शिकवणारा पोरगा गारगोटीचा. स्पेन त्यानं मोबाईलवरच पाहिलेला, पण ऐट तिथल्या राजाच्या भाच्याची.

"काकू, 'तोमार' एवढंच पाठ करा. घेणं, खाणं, पिणं, बस पकडणं, सगळं त्यात भागतंय की!"

मग रूपं. तोमो म्हणजे मी घेते, तोमा म्हणजे तू घे, तोमे म्हणजे अहो-जाहो करून, आपण घ्यावं. एवढ्यासाठी अख्खा महिना! आमचं 'घेणं' तरी दुसरं काय करतं? पण गरज माझी होती. परक्या मुलखात पोरीला मायेनं कोण विचारणार, ही धास्ती मला झोपू देत नव्हती. विहीणबाईंशी चार शब्द गोड बोलले तर पुढं तिला सोपं जाईल, असा माझा हिशेब.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. रात्री दहाला जेवणाऱ्या त्या बाईंना आम्ही सूर्य मावळतीकडं कलतो न कलतो तोच ताटावर बसवलं. या घरात पानात टाकत नाहीत, हे लेकीनं त्यांना आधीच बजावलेलं. त्यामुळे बाई बिचाऱ्या पान चाटूनपुसून स्वच्छ करत आणि पान रिकामं दिसलं की मी "तोमे, तोमे" करत पुरणपोळी वाढत असे. शेवटी त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"वाढ की! पावणी लाजतीया," आमचे हे ओरडले. बायका लाजतात, यापलीकडं यांना बायकांविषयी काही ठाऊक नाही. मी हातांच्या फटीतून पोळी सरकवली, वर तूप. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी पोळी मोडली आणि अर्धी शेजारी बसलेल्या माझ्या लेकीच्या तोंडाशी धरली. "तोमा," त्या हळूच म्हणाल्या. माझी लेक माझ्याखेरीज कुणाचं उष्टं खात नाही, सख्ख्या आजीचंही कधी खाल्लं नाही. तिनं तो घास खाल्ला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसली.

"बघ, रुळली की पोरगी!" हे म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. तुपाची वाटी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि लेक 'आई' म्हणून हाक मारेल म्हणून ओट्याशी थांबले. बाहेर त्या दोघी हसतच होत्या.